ऑफिसचा कॉम्प्युटर सारखा रीस्टार्ट होतो, कॅबिनेटला झिणझिण्या येतात: आधी भिंतीतला सॉकेट बघा

काम चालू असताना कॉम्प्युटर अचानक बंद होतो आणि आपोआप पुन्हा सुरू होतो. कधी दिवसातून एकदा, कधी चार-पाचदा. विंडोज नव्यानं टाकून होतं, रॅम काढून पुसून होते, अँटिव्हायरस बदलून होतो. आठवडाभर बरं चालतं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. मग चहा घेता घेता कुणीतरी सहज सांगतं, "कॅबिनेटला हात लागला की जरा झिणझिण्या येतात, पण ते काय, पहिल्यापासूनच आहे."

पतसंस्था, सीएचं ऑफिस, शाळेचं कार्यालय, दवाखान्याचा काउंटर अशा छोट्या जागांची मशीनं मी सांभाळतो. या दोन तक्रारी जोडीनं आल्या की मी कॅबिनेट उघडत नाही. आधी टेबलाखाली वाकून भिंतीतला सॉकेट बघतो. नुसतं अर्थिंग (झिरपणारी वीज जमिनीत नेणारी जोडणी) नाही म्हणून मशीन सहसा रीस्टार्ट होत नाही, हे खरं. पण ज्या बोर्डात अर्थची वायरच नाही, त्याच बोर्डात बहुतेक वेळा न्यूट्रलचा, म्हणजे वीज परत नेणाऱ्या वायरचा, स्क्रू ढिला असतो, सॉकेटच्या आतल्या पट्ट्या सैल झालेल्या असतात आणि एकाला एक जोडलेले दोन एक्स्टेंशन बोर्ड लोंबकळत असतात. वायरिंगकडे वर्षानुवर्षं कुणी पाहिलेलं नसतं, त्यातून दोन्ही तक्रारी येतात. आणि त्यातली जी सगळ्यांना किरकोळ वाटते तीच जास्त गंभीर आहे. रीस्टार्टमुळे टाइप केलेलं वाया जातं. अर्थिंग नसेल तर माणूस जाऊ शकतो.

खर्च करण्याआधी अदलाबदल

त्रास देणारं मशीन आणि नीट चालणारं मशीन यांच्या जागा बदला. फक्त कॅबिनेट हलवायचं. यूपीएस, पॉवर केबल, एक्स्टेंशन बोर्ड, सॉकेट सगळं जागच्या जागी ठेवायचं. दोन-तीन दिवस तसंच काम करा. आता नवं आलेलं मशीन त्या टेबलावर रीस्टार्ट व्हायला लागलं, तर दोष जागेत आहे. जुनं मशीन दुसऱ्या टेबलावरही तसंच वागलं, तर दोष मशीनमध्ये. या साध्या गोष्टीला पंधरा मिनिटं लागतात, पैसा लागत नाही, आणि तरी बहुतेक ठिकाणी ती न करताच नवा एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा कॅबिनेटमधला डबा) मागवलेला असतो.

सोबत एक वही ठेवा. मशीन बंद पडलं की वेळ लिहायची आणि त्या क्षणी आणखी काय चालू होतं तेही लिहायचं. प्रिंट दिली होती का? पाण्याची मोटर किंवा एसी सुरू झाला होता का? दिवे क्षणभर मंदावले का? टेबलाला पाय लागला का? दुपारी दोन ते चारच्या उन्हातच होतं का? मी कुठल्याही सॉफ्टवेअरपेक्षा या वहीवर जास्त विश्वास ठेवतो. प्रिंट देताना बंद पडत असेल तर यूपीएस किंवा वायरिंग, पाय लागल्यावर पडत असेल तर केबल, दुपारीच पडत असेल तर उष्णता. एवढं कळलं की अर्धं काम झालं.

केबलचं लगेच बघून टाका. कॅबिनेटच्या मागे जी जाड काळी केबल बसते ती वर्षानुवर्षं तीच असते. हलवल्यावर सैल लागत असेल, टोकाला तपकिरी डाग असेल किंवा जळका वास येत असेल, तर ती फेकून द्या. मशीन बंद करून, भिंतीवरचं बटणही बंद करूनच ती काढायची. नवी घेताना थ्री पिन टॉपवर आयएसआयचं चिन्ह आहे ना ते बघा आणि वायर हातात घेऊन जाडी पाहा. फारच हलकी, बारीक वायर मुद्दाम स्वस्त केलेली असते.

झिणझिण्या येतात म्हणजे काय होतं

कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमध्ये विजेतला खरखराट गाळणारा एक भाग असतो. त्यातले दोन छोटे कपॅसिटर (वीज साठवणारे सुटे भाग) फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, आणि न्यूट्रल या दोन्हींपासून लोखंडी कॅबिनेटला जोडलेले असतात. ही रचना मुद्दाम केलेली आहे. त्यातून झिरपणारा अगदी थोडा प्रवाह अर्थच्या वायरनं जमिनीत निघून जावा, असा हिशोब असतो. अर्थ नसेल तर त्याला जायला वाट राहत नाही आणि कॅबिनेट फेज आणि न्यूट्रलच्या मधोमध, म्हणजे २३० व्होल्टच्या निम्म्यावर, ११०-११५ व्होल्टच्या आसपास तरंगत राहतं. तुम्ही हात लावलात की तुम्हीच ती वाट होता.

एका मशीनमागे हा प्रवाह साधारण अर्धा मिलीअँपिअर, कधी एक. तेवढ्यानं जीव जात नाही, झिणझिण्याच येतात. पण एका ओळीतली आठ-दहा मशीनं एक्स्टेंशन बोर्डांच्या अर्थ वायरनं एकमेकांना जोडलेली असतात. त्या वायरचं भिंतीतलं टोक कुठेच गेलेलं नसेल, तर सगळ्या मशीनचा झिरपा एकत्र होतो आणि जो पहिला हात लावेल त्याच्यातून जातो. म्हणून सकाळी एकच मशीन चालू असताना काही जाणवत नाही आणि अकरा वाजता सगळे आल्यावर चांगलाच झटका बसतो. दहा मिलीअँपिअरच्या पुढे हाताचे स्नायू आखडतात आणि पकडलेली वस्तू सोडता येत नाही.

हे झालं सगळे एसएमपीएस धडधाकट असतानाचं. त्यातला एक खराब झाला आणि फेज थेट कॅबिनेटला टेकली, तर अर्थिंग असलेल्या ऑफिसात लगेच एमसीबी (जास्त प्रवाह गेला की आपोआप पडणारं बटण) पडतो किंवा फ्यूज उडतो. अर्थिंग नसलेल्या ऑफिसात काहीच होत नाही. मशीन चालत राहतं आणि त्या कॅबिनेटवर पूर्ण २३० व्होल्ट असतात.

इथे एक गोष्ट मला फार तळमळीनं सांगायची आहे. ऑफिसातले साहेब बूट घालून खुर्चीत बसतात. त्यांना काही जाणवत नाही, म्हणून तक्रार बाजूला पडते. आपल्याकडे अनेक ऑफिसांत चपला बाहेर काढायची पद्धत आहे, त्यामुळे कर्मचारी अनवाणी असतात. आणि सकाळी साडेनऊला ओल्या फरशीवर, ओल्या हातात फडकं घेऊन टेबलाखाली वाकणाऱ्या मावशींना तो झटका सगळ्यात जोरात बसतो. त्या बोलत नाहीत, बोलल्या तरी कुणी मनावर घेत नाही. म्हणून तपास करताना पहिला प्रश्न त्यांना विचारा. कुठल्या टेबलाला करंट लागतो हे त्यांना नेमकं माहीत असतं. आणि फरशी पुसताना त्या ओळीचा एमसीबी बंद ठेवायचा, हा नियम त्याच दिवसापासून करा. अर्थिंगचं काम व्हायला महिना लागो, नियम आजच सुरू होऊ शकतो.

खात्री करायला पुन्हा पुन्हा हात लावून बघू नका. टेस्टरचा दिवा कॅबिनेटवर पेटला तर तो नुसता झिरपा आहे की खरोखर फेज टेकली आहे, हे टेस्टरवरून कळत नाही. दोन्ही वेळा दिवा पेटतोच. पेटला तर मशीन बंद करा, पिन काढा, वायरमन बोलवा.

वायरमनकडून काय तपासून घ्यायचं

हे काम परवानाधारक वायरमनचं आहे, कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्याचं नाही आणि ऑफिसातल्या हौशी माणसाचं तर नाहीच. पण काय तपासायचं हे तुम्हाला माहीत असेल तर तो "सगळं ओके आहे" म्हणून पाच मिनिटांत निघून जाऊ शकत नाही.

प्रत्येक सॉकेटवर तीन मापं घ्यायला सांगा. फेज आणि न्यूट्रल यांच्यात साधारण २३० व्होल्ट यायला हवेत. फेज आणि अर्थ यांच्यातही जवळजवळ तेवढेच. न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात, मशीनं चालू असताना, दोन-तीन व्होल्टच्या आत. हा तिसरा आकडा मोठा असेल, तर कुठेतरी न्यूट्रल ढिला आहे किंवा अर्थ खराब आहे. समोरून पाहताना अर्थचं मोठं भोक वर असेल, तर उजवीकडे फेज आणि डावीकडे न्यूट्रल असायला हवा. जुन्या इमारतींत हे उलटं सापडतं.

डिजिटल मीटरनं फसू नका. त्याच्यातून इतका कमी प्रवाह जातो की अर्थची वायर एखाद्या गंजलेल्या तारेला कशीबशी टेकलेली असली तरी तो २३० दाखवतो. खरी परीक्षा भार टाकल्यावर होते. त्यासाठी अर्थ टेस्टर किंवा लूप टेस्टर लागतो. बरेच वायरमन फेज आणि अर्थमध्ये शंभर वॅटचा बल्ब लावून बघतात. तसं करणार असतील तर आधी त्या ओळीवरच्या सगळ्या मशीनच्या पिना काढायला लावा. अर्थ वायर जमिनीपर्यंत पोचलेली नसेल, तर त्या बल्बमधून फेज उलटी फिरून सगळ्या कॅबिनेटवर येते. आरसीसीबी (वीज अर्थकडे झिरपली की पुरवठा तोडणारं यंत्र) असेल तर बल्ब लावताच तो पडेल. पडायलाच हवा.

आता सगळ्यात घातक जुगाड. सॉकेटच्या आत न्यूट्रलपासून अर्थच्या पिनला वायरचा एक तुकडा जोडून देतात. "लूप मारून दिला, आता करंट लागणार नाही." खरंच लागत नाही. बल्बही लख्ख पेटतो. पण ज्या दिवशी मागे कुठे न्यूट्रल तुटेल किंवा दुरुस्तीत फेज-न्यूट्रलची अदलाबदल होईल, त्या दिवशी सगळ्या कॅबिनेटवर एकाच वेळी २३० व्होल्ट असतील. ओळखायचं कसं? मशीनं चालू असताना न्यूट्रल आणि अर्थमध्ये अगदी शून्य व्होल्ट दाखवत असेल, तर बोर्ड उघडून दाखवा म्हणून आग्रह धरा. चालू भारावर थोडा तरी फरक दिसतो. मुख्य मीटरच्या फलकाला लागूनच असलेल्या सॉकेटवर तो फार कमी असू शकतो, पण आतल्या खोलीतला शून्य हा संशयाचाच.

भाड्याच्या गाळ्यांत, विशेषतः जुन्या बाजारपेठेतल्या माळ्यांवर, बोर्डापर्यंत दोनच वायर आलेल्या असतात. तिथे थ्री पिन सॉकेट बसवलेला असला तरी त्याचं वरचं भोक रिकामं असतं. इमारतीच्या मीटर फलकापासून हिरवी वायर ओढून आणणं हाच त्यावर उपाय. मालकाशी बोलताना हा सुरक्षेचा मुद्दा आहे हे लेखी द्या.

इमारतीला अर्थिंगचा खड्डा असेल तर तो एकदा शोधून काढा. कोळसा-मीठ भरलेल्या पारंपरिक खड्ड्याला ओलावा लागतो. उन्हाळ्यात माती सुकली की त्याचा रोध वाढतो आणि फेब्रुवारीपर्यंत नसलेल्या झिणझिण्या एप्रिलमध्ये सुरू होतात. तेव्हा त्यात पाणी घालायचं असतं. खड्ड्यावर पार्किंगच्या फरशा बसवून टाकल्या असतील तर ते घालणार कुठून? कोकणातला जांभा किंवा घाटावरचा काळा पाषाण असेल तर एका खड्ड्यानं भागत नाही, दोन-तीन जोडावे लागतात. खड्ड्याचा रोध पाच ओहमच्या आत असावा, असं सर्वसाधारणपणे धरतात. दरवर्षी उन्हाळ्यात, म्हणजे सगळ्यात वाईट काळात, मोजून घ्या. पावसाळ्यातलं माप सगळ्यांचंच चांगलं येतं.

वायरमन येईपर्यंतही काही गोष्टी तुमच्या हातात आहेत. थ्री पिनची वरची पिन मोडून किंवा कापून टू पिनच्या सॉकेटमध्ये घुसवलेली असेल, टू पिनचा कन्व्हर्टर लावलेला असेल, सैल पिन घट्ट बसावी म्हणून काडेपेटीची काडी खुपसलेली असेल, तर ते सगळं आजच काढून टाका. ती वरची पिन लांब असते ती उगाच नव्हे. आत जाताना आधी अर्थ जोडला जावा आणि बाहेर येताना तो सगळ्यात शेवटी सुटावा, म्हणून तिची लांबी जास्त ठेवतात. यूपीएसची पिन तपासायला विसरू नका. तिथे अर्थ तुटला तर यूपीएसवर असलेल्या सगळ्यांचाच तुटतो.

धातूच्या अंगाचा लॅपटॉप चार्जिंगला असताना हलकी चुरचूर जाणवते, तिचं कारण बहुतेक वेळा टू पिनचा अॅडॉप्टर असतं. थ्री पिनचा मूळ चार्जर वापरला की ती जाते. वायर सोललेली किंवा अॅडॉप्टर फुगलेला असेल तर मात्र तो वापरूच नका.

आरसीसीबी सारखा पडतो

काही ऑफिसांत याच्या उलट तक्रार असते. अर्थिंग उत्तम, आरसीसीबी बसवलेला, आणि तो दर सोमवारी सकाळी पडतो. माणसांच्या संरक्षणासाठीचा आरसीसीबी ३० मिलीअँपिअरचा असतो आणि तो १५ ते ३० यांच्यामध्ये कुठेही पडू शकतो. मशीनमागे एक मिलीअँपिअर झिरपा धरला तर वीस मशीनं, प्रिंटर आणि यूपीएस मिळून तो पडायच्या बेतात आधीच आलेला असतो. पावसाळ्यात भिंतीत ओल आली की राहिलेलं काम ती करते.

यावर आरसीसीबी काढून टाकणं किंवा त्याच्या बाहेरून वायर फिरवणं हा उपाय नाही. तो पडतो म्हणून राग येतो, पण त्या खोक्यात माणसाला वाचवणारं ते एकच यंत्र आहे. मशीनं दोन-तीन सर्किटांत विभागून प्रत्येकाला वेगळा ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी लावून घ्या. त्याआधी एकेक पिन काढून एखादंच उपकरण दोषी आहे का ते बघा. माझ्या अनुभवात कॉम्प्युटरपेक्षा पाण्याचा कूलर आणि चहाची इलेक्ट्रिक किटली जास्त वेळा सापडतात.

किटली निघालीच आहे म्हणून. १५०० वॅटची किटली साडेसहा अँपिअर खेचते. सहा अँपिअरच्या सॉकेटवर, त्यातही एक्स्टेंशन बोर्डावर, कॉम्प्युटरच्या शेजारी तिला जागा नाही. एक्स्टेंशनला दुसरं एक्स्टेंशन जोडू नका. आणि स्पाइक गार्डमध्ये विजेचा उसळा झेलणारा जो भाग असतो तो प्रत्येक उसळ्यानं झिजतो. त्याचा संरक्षणाचा दिवा विझला असेल तर तो आता साधा बोर्ड उरला आहे.

लाइट जाते आणि यूपीएस असूनही मशीन बंद पडतं

यात शोधण्यासारखं फार नसतं. बॅटरी संपलेली असते. छोट्या यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बंद लेड अॅसिड बॅटरी असते आणि तिचं आयुष्य दोन ते तीन वर्षं. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना ते साधारण निम्मं होत जातं, असा ठोकताळा आहे. जळगाव, अकोला, चंद्रपूरच्या उन्हाळ्यात टेबलाच्या बंद कप्प्यात फायलींच्या गठ्ठ्याखाली ठेवलेला यूपीएस दीड वर्षात मान टाकतो तो म्हणूनच. दिवा हिरवा असतो, सगळं ठीक वाटतं, आणि लाइट क्षणभर लुकलुकली की मशीन रीस्टार्ट.

महिन्यातून एकदा चाचणी घ्या. सगळं सेव्ह करा, फायली बंद करा आणि भिंतीवरचं यूपीएसचं बटण बंद करा. पाच मिनिटं मशीन चालू राहिलं पाहिजे. नाही राहिलं तर बॅटरी बदला. बदलताना जुनीवर तारीख बघा आणि नवीवर मार्करनं लिहा. फुगलेली बॅटरी ओढून-ताणून काढू नका. यूपीएस बंद करून, पिन काढून, आहे तसा दुकानदाराकडे द्या. जुन्या बॅटरीतल्या शिशाचे पैसे मिळतात, ती कचऱ्यात जाता कामा नये.

६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपासच देऊ शकतो. एक डेस्कटॉप आणि एक एलईडी मॉनिटर दीडशे वॅटच्या आत बसतात, ते आरामात चालतात. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसवर कधीही नको. त्यातला रोलर तापवताना तो क्षणभर ६०० ते १००० वॅट खेचतो. यूपीएस टीं-टीं करतो आणि कॉम्प्युटर बंद. वहीत दर वेळी "प्रिंट दिली" असं लिहिलेलं सापडलं, तर हेच. प्रिंटर थेट भिंतीवर लावूनही प्रिंट देताना खोलीतले दिवे मंदावत असतील, तर वायर बारीक आहे किंवा कुठला तरी जोड सैल आहे, आणि तो जोड भिंतीत तापतो आहे. हे सहज घेऊ नका.

एका खोलीतले दिवे एकाएकी प्रखर झाले आणि शेजारच्या खोलीतले मंद, तर थ्री फेज जोडणीचा न्यूट्रल तुटतो आहे. मशीनवरचा दाब ४०० व्होल्टकडे जाऊ शकतो. कारण शोधत बसू नका, आधी मेन स्विच बंद करा.

धूळ, ओल आणि वळीव

जमिनीवर ठेवलेलं कॅबिनेट झाडूची सगळी धूळ ओढतं. त्याला चार-सहा इंच उंच स्टँड द्या आणि मागे वीतभर मोकळी जागा सोडा. सहा महिन्यांनी बंद करून, पिन काढून, बाहेर व्हरांड्यात नेऊन ब्लोअर मारा. पंख्याची पाती बोटानं किंवा पेन्सिलीनं धरून ठेवा, हवेच्या जोरानं तो वेगात फिरू देऊ नका. एसएमपीएस उघडायचा नाही. पिन काढल्यावरही त्यातल्या मोठ्या कपॅसिटरवर ३२५ व्होल्टपर्यंतचा भार काही काळ टिकतो.

दुपारीच बंद पडणाऱ्या मशीनमध्ये प्रोसेसरचा पंखा धुळीनं गच्च भरलेला किंवा थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारा लेप) वाळून खडू झालेली असते. शंभर अंशांच्या आसपास गेलं की प्रोसेसर स्वतःला वाचवायला मशीन बंद करतो. पेस्ट नवी लावून घ्या. चार-पाच वर्षांत एकदा तरी ती बदलावीच लागते.

कोकण-गोव्यात धुळीपेक्षा ओल जास्त छळते. पावसाळ्यात न वापरलेलं मशीनही आठवड्यातून दोनदा तासभर चालू ठेवा. स्वतःच्या उबेनं ते कोरडं राहतं. स्क्रीन पुसायला काच पुसायचा फवारा नको. मऊ कापड पाण्यानं किंचित ओलं करून, मॉनिटर बंद असताना पुसा, फवारा थेट स्क्रीनवर कधीच नाही.

खंडेनवमीला आणि दसऱ्याला आपण मशीनची पूजा करतो, ती जरूर करावी. मशीनं आधी बंद करा. गंध-कुंकू समोरच्या प्लास्टिकला बोटानं लावा, जाळीवर नको. झेंडूच्या पाकळ्या आणि अक्षता मॉनिटरच्या वरच्या फटींतून आत जातात, तेव्हा हार बाजूला टेबलावर ठेवा. उदबत्ती दूर लावा, तिची राख पंखा ओढतो.

मे-जूनचा वळीव आणि ऑक्टोबरातला परतीचा पाऊस, या दोन काळांत विजांमुळे सर्वाधिक नुकसान झालेलं मी पाहिलंय. गडगडाट जवळ येण्याआधीच पिना काढायच्या, नुसतं बटण बंद करून भागत नाही. तांब्याची लॅन केबलही काढा. गच्चीवरून किंवा एका इमारतीतून दुसरीत गेलेली तांब्याची केबल असेल तर विजेचा उसळा तिथून येतो आणि यूपीएस, स्पाइक गार्ड असूनही लॅनचे पोर्ट जळतात. दोन इमारतींमध्ये फायबरच टाकावी. वीज कडाडायला लागल्यावर मात्र पिनांना हात लावायला जाऊ नका.

कुणाला शॉक बसला किंवा धूर आला तर

माणसाला ओढू नका. आधी मेन स्विच किंवा एमसीबी बंद. तो हाताशी नसेल तर कोरड्या लाकडी दांड्यानं किंवा प्लास्टिकच्या खुर्चीनं त्याला बाजूला करा. श्वास नसेल तर छातीवर दाब देणं सुरू करा आणि ११२ ला फोन लावायला दुसऱ्याला सांगा. उठून बसला, बोलला तरी डॉक्टरकडे न्याच. धूर किंवा आग दिसली तर पुरवठा बंद करा, पाणी अजिबात मारू नका. कार्बन डायऑक्साइडचं किंवा कोरड्या पावडरचं अग्निशामक चालतं, पैकी पहिल्याचा मशीनवर काही थर उरत नाही. एमसीबीचा फलक कुठे आहे आणि कुठलं बटण कुठल्या ओळीचं आहे, हे त्यावर मराठीत लिहून ठेवा. मावशींना आणि शिपायांनाही ते दाखवून ठेवा, कारण ऑफिस उघडताना आणि बंद करताना तेच एकटे असतात.

एवढं करूनही रीस्टार्ट थांबला नाही तर

आता मशीन. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये सिस्टिमचा लॉग उघडा आणि बंद पडल्याच्या वेळेची लाल नोंद शोधा. कर्नल-पॉवर, क्रमांक ४१ अशी ती असते. ही नोंद पाहून "पॉवरचा प्रॉब्लेम" असा निष्कर्ष काढतात, तो घाईचा आहे. मशीन रीतसर बंद न होता थांबलं, एवढंच ती सांगते. तपशिलात बगचेककोड शून्य असेल तर पुरवठा तुटला, मशीन गोठलं किंवा कुणी बटण दाबून धरलं. शून्य नसेल तर निळ्या स्क्रीनची चूक आहे, मग ड्रायव्हर आणि रॅमकडे वळा. आपोआप रीस्टार्ट होण्याची विंडोजमधली खूण काढून ठेवली की निळी स्क्रीन टिकते आणि वाचता येते.

रॅम काढताना पिन काढलेली असू द्या आणि आधी कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवा. सोनेरी पट्टी खोडरबरानं घासायची सवय सोडा. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापडानं पुसा. तारीख दर वेळी जुनी होत असेल आणि बँकेची साइट उघडताना सुरक्षा प्रमाणपत्राची चूक येत असेल, तर मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल बदला, काम होईल.

त्यानंतर एसएमपीएस. ऑफिसातल्या चांगल्या मशीनचा तेवढ्याच किंवा जास्त वॅटचा काढून चार दिवस लावून बघा, मगच नवा घ्या. मदरबोर्डवरचे कपॅसिटर वरून फुगलेले किंवा गळलेले दिसले, तर त्या मशीनवर आणखी पैसे घालू नका. हार्ड डिस्क काढून माहिती उतरवून घ्या, डिस्क ऑफिसातच ठेवा आणि उरलेलं अधिकृत ई-कचरा घेणाऱ्याला पावती घेऊन द्या.